कंटाळवाण्या बातम्यांची आवक : बाणेरमधल्या एका टीमचं प्रकरण

बाणेरमधली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी. चाकणच्या कारखान्यांत मशिनांवर बसवलेले सेन्सर दर काही सेकंदांनी आकडे पाठवतात. ते गोळा करायचे, साठवायचे आणि शॉपफ्लोरवरच्या पडद्यावर दाखवायचे, हा यांचा धंदा. आकडे पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जातात, त्यावर वेळेनुसार येणारे आकडे सांभाळणारं टाइमस्केलडीबी हे एक्स्टेन्शन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर, बसवलंय. बाकी सगळं उबुंटू लिनक्सच्या सर्व्हरांवर स्वतः उभ्या केलेल्या कुबरनेटीज क्लस्टरवर, म्हणजे अनेक सर्व्हर एकत्र जोडून त्यांवर कंटेनरांत (वेगवेगळ्या डब्यांत) प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर, चालतं. हे सांभाळायला पाच-सहा जणांची टीम. मी त्या टीमचा भाग नाही. अधूनमधून सल्ल्याला बोलावतात, म्हणून सॉफ्टवेअरच्या रूक्ष सूचना नजरेतून सुटू नयेत यासाठी वेबफीड वापरण्याचं हे प्रकरण जवळून पाहता आलं. कंपनीचं नाव सांगण्याची गरज नाही. अशी टीम बाणेर-बालेवाडीच्या कुठल्याही इमारतीत सापडेल.

काय अडलं

२०२४ ची महाशिवरात्र ८ मार्चला, शुक्रवारी आली होती, म्हणजे जोडून शनिवार-रविवार. चाकणच्या एका गिऱ्हाइकाची नवी लाइन त्यानंतरच्या सोमवारी सुरू व्हायची होती. तेव्हा सुट्टी लागायच्या आधी, गुरुवारी संध्याकाळी, क्लस्टरला एक सर्व्हर जोडून मोकळं व्हायचं ठरलं. काम नेहमीचं, स्क्रिप्ट तयार, आधी कितीदा तरी चाललेली. या वेळी ती सुरुवातीलाच थांबली. एपीटीचं, म्हणजे उबुंटूवर सॉफ्टवेअरची पॅकेजं आणून बसवणाऱ्या प्रोग्रामचं, म्हणणं असं, की 'कुबरनेटीज-झेनियल' या रेपॉझिटरीला (पॅकेजांच्या कोठाराला) रिलीज फाइलच, म्हणजे तिथल्या मालाची सूचीच, नाही.

असं काही झालं की पहिला संशय नेटवर्कवर, दुसरा प्रॉक्सीवर, तिसरा डीएनएसवर. तिन्ही घेऊन झाले. एकानं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून पाहिलं, तरी तेच. शेवटी टीममध्ये सर्वांत नवीन असलेल्या मुलीनं कुबरनेटीजची अधिकृत साइट उघडली आणि तिथल्या जुन्या घोषणा वाचत बसली. उत्तर तिथं होतं, आणि बरेच महिने होतं. पॅकेजांचा नवा पत्ता १५ ऑगस्ट २०२३ ला जाहीर झाला होता. गूगलच्या यंत्रणेवरच्या जुन्या रेपॉझिटरी १३ सप्टेंबर २०२३ पासून गोठवल्या होत्या, आणि ४ मार्च २०२४ ही त्या काढून टाकायची तारीख होती. यांची स्क्रिप्ट चालली ती ७ मार्चला.

नुसता पत्ता बदलून भागलं असतं तर दहा मिनिटांत सगळे घरी गेले असते. पण नव्या ठिकाणी १.२४ आणि त्यापुढच्याच आवृत्त्या ठेवलेल्या आहेत, आणि यांचा क्लस्टर १.२३ वर अडकलेला. अडकण्यालाही कारण होतं. मे २०२२ मध्ये आलेल्या १.२४ मधून डॉकरशिम, म्हणजे कुबरनेटीजला डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या इंजिनाशी जोडणारा दुवा, काढून टाकलं गेलं. म्हणजे पुढं जायचं तर कंटेनर चालवणारं इंजिन बदलणं आलं, आणि ते 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणून दोन वर्षं राहिलं होतं. अशा क्लस्टरचे मालक मला अजूनही भेटतात. असो. त्या रात्री एका जुन्या सर्व्हरच्या एपीटी कॅशेत पडून राहिलेल्या डेब फाइली (पॅकेजांच्या फाइली) सापडल्या, त्या उचलून नव्या सर्व्हरवर घातल्या आणि वेळ मारून नेली. क्लस्टर रीतसर पुढच्या आवृत्तीवर न्यायचं काम नंतर बरेच आठवडे पुरलं.

सूचना आली होती

सोमवारच्या बैठकीत चॅटचा इतिहास शोधला तेव्हा खरी गंमत कळली. रेपॉझिटरी गोठवल्याच्या घोषणेचा दुवा सप्टेंबरातच टीमच्या ग्रुपवर पडलेला होता. टाकणाऱ्यानं वर लिहिलं होतं, 'हे बघायला लागेल.' खाली दोन अंगठे. आणि त्याच्याखाली गणपतीच्या वर्गणीचा हिशेब, ढोलपथकाच्या सरावाचे व्हिडिओ, शुक्रवारी डबा की बाहेर याची चर्चा. गुरुवारी पाणी बंद असल्याची सूचना सोसायटीच्या ग्रुपवर शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते, तसंच हे. सूचना पोचलेली असते, बादल्या मात्र कुणी भरलेल्या नसतात.

टीम लीडनं दुवा टाकणाऱ्याला दोष दिला नाही, ते बरं झालं. तिनं विचारलं, "हे बघायचं काम कुणाचं होतं?"

"तसं सगळ्यांचंच, ताई."

"म्हणजे कुणाचंच नाही."

प्रकरणातला कळीचा प्रश्न इथंच सापडला असं मला वाटतं. पुढचं सगळं त्याचं उत्तर शोधताना झालं, आणि पहिलं उत्तर चुकीच्या दिशेनं गेलं.

मी त्या बैठकीत एक फरक मांडला होता. गाजणारी बातमी शोधावी लागत नाही, ती तुमचं दार ठोठावते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं तेव्हा ज्यांनी जावाची एक ओळ लिहिली नव्हती त्यांनाही कळलं. आणि आमच्या बैठकीनंतर तीन आठवड्यांच्या आत, २९ मार्चला, एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घातलेलं मागचं दार सापडलं. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो त्याच्या मागे लागला. ती बातमी टीममधल्या प्रत्येकाला निरनिराळ्या वाटांनी मिळाली. घातक आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१, उबुंटूच्या स्थिर आवृत्त्यांत त्या नाहीत, एवढं तपासून विषय संपला. अशा बातमीसाठी वेगळी व्यवस्था लागत नाही. व्यवस्था लागते ती कंटाळवाण्या सूचनांना: पत्ता बदलला, अमुक आवृत्तीचा पाठिंबा संपतोय, लायसन्स बदललं, डीफॉल्ट उलटा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीनं आणि मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसनं लायसन्स बदललं. दोन्हींचा थोडाफार बोभाटा झाला, पण लायसन्सच्या बहुतेक सूचना तेवढंही नशीब घेऊन येत नाहीत.

'ते गूगल रीडरबरोबर गेलं ना?'

उपाय म्हणून फीडचा, म्हणजे साइटवरच्या नव्या नोंदी आपोआप आणून देणाऱ्या सोयीचा, विषय निघाला तेव्हा टीममधल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाची ही पहिली प्रतिक्रिया. त्यानं कॉलेजात गूगल रीडर हे फीड वाचायचं सॉफ्टवेअर वापरलेलं. ते १ जुलै २०१३ ला बंद झालं, डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सनंही आवृत्ती ६४ पासून ब्राउझरमधलं फीड दाखवणं काढून टाकलं, आणि फीडचं नारिंगी चिन्ह दिसेनासं झालं. त्यामुळे फीडच गेलं असा समज झाला. प्रत्यक्षात गेलं ते दुकान, माल येतच राहिला. पॉडकास्टचा बराचसा कारभार आजही आरएसएस या फीडच्या प्रकारावर चालतो. तरुण मंडळींना तर नावही माहीत नव्हतं. एकीनं 'इन्स्टाचं फीड का?' असं विचारलं, आणि तो प्रश्न रास्तच होता.

तांत्रिक बाजू फार अवघड नाही. साइट एका ठरलेल्या पत्त्यावर एक एक्सएमएल फाइल, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा मांडणीतली फाइल, ठेवते. तीत अलीकडच्या नोंदी असतात. प्रत्येक नोंदीला शीर्षक, दुवा, तारीख आणि एक ओळखखूण. तुमचं वाचक सॉफ्टवेअर ती फाइल ठरावीक वेळानं आणतं, आधी न पाहिलेल्या ओळखखुणा वेगळ्या काढतं आणि तेवढ्या नोंदी दाखवतं. साइटला तुमचा ईमेल द्यावा लागत नाही, आणि काय वर यावं, काय खाली जावं हे दुसरं कुणी ठरवत नाही. मार्च १९९९ मध्ये नेटस्केपमध्ये रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी पहिलं आरएसएस केलं. २००२ मध्ये आरएसएस २.० आलं, डिसेंबर २००५ मध्ये ॲटम या फीडच्या दुसऱ्या प्रकाराचं प्रमाणक प्रसिद्ध झालं. आज दोन्ही चालतात, आणि वाचणाऱ्याला फरक जाणवतही नाही.

या टीमच्या उपयोगाची फीड शोधायला एक दुपार पुरली. कुबरनेटीजच्या घोषणांचं फीड आहे, सुरक्षा-त्रुटींच्या अधिकृत यादीचं वेगळं आहे. पोस्टग्रेसच्या बातम्यांचं आहे. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरच्या कुठल्याही प्रकल्पाच्या रिलीजच्या पत्त्यापुढं 'डॉट ॲटम' जोडलं की फीड मिळतं. ही युक्ती कळल्यावर टीमच्या डोळ्यांत जी चमक आली, तिनंच पुढचा घोळ घातला.

पहिला उपाय आणि त्याची गत

स्लॅक या चॅट ॲपला फीड जोडता येतं. तेव्हा एक नवं चॅनेल उघडलं आणि प्रत्येकानं आपल्याला हवी ती फीड तिथं सोडली. वापरात असलेल्या झाडून सगळ्या लायब्ररींची रिलीज, उबुंटूच्या सुरक्षासूचना, क्लाउडवाल्यांच्या 'नवीन काय' याद्या, चांगलं लिहिणाऱ्या इंजिनिअरांची वैयक्तिक पानं, वर यूट्यूबची दोन चॅनेल. पहिल्या आठवड्यात उत्साह. दुसऱ्या आठवड्यात एकेकानं गुपचूप चॅनेल म्यूट केलं. ज्या आजारावर औषध शोधत होतो तोच आजार, फक्त आता स्वयंचलित.

नंतर सगळं चॅटमधून काढून स्वतंत्र वाचकात नेलं. पोस्टग्रेस घरचंच असल्यानं त्यावर चालणारं मिनीफ्लक्स निवडलं. दिसायला रूक्ष, पण कीबोर्डवर भराभर चालतं आणि नको त्या नोंदी नियम लिहून अडवता येतात. ते ऑफिसातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर बसवलं. इथं काही खाचखळगे लागले.

गिटहबच्या रिलीज फीडमध्ये अल्फा, बीटा, आरसी अशा कच्च्या आवृत्त्याही येतात. त्या गाळायला कुणीतरी नियम लिहिला, शीर्षकात 'आरसी' ही रोमन अक्षरजोडी दिसली की नोंद अडव. तीच जोडी 'सोर्स' आणि 'सर्च' यांच्या स्पेलिंगमध्येही येते. त्यामुळे शोधयंत्रणेशी संबंधित एका प्रकल्पाचं फीड कितीतरी दिवस शांत होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. गप्प फीड आणि बिघडलेलं फीड बाहेरून सारखीच दिसतात. आता नियम शब्दाची सीमा पाहून लिहिलेत, आणि बरेच दिवस गप्प राहिलेल्या फीडांची यादी महिन्यातून एकदा डोळ्याखालून घालतात.

दुसरं, घाई. वाचक तासाला एकदा फीड आणत होता. एकानं ते पाच मिनिटांवर आणलं, आणि लगेच दोन साइटींनी ४२९, म्हणजे 'फार वेळा मागताय' असा उत्तरक्रमांक, पाठवून दार लावून घेतलं. चांगला वाचक 'मागच्या वेळेनंतर काही बदललं असेल तरच दे' असं विचारतो, आणि बदल नसेल तर साइट नुसतं ३०४ म्हणते, त्यामुळे ओझं कमी पडतं. तरी ज्या घोषणेची मुदत सहा महिन्यांची आहे ती पाच मिनिटांत कळून करायचं काय? पुन्हा तासावर आणलं.

यादी कापली तेव्हा

खरा फरक पडला तो यादी कापल्यावर. बैठकीत प्रत्येक फीडला एकच प्रश्न लावला, 'यातली नोंद वाचून आपल्याला कधी काम लागू शकतं का, आणि ते काम दुसरं कुणी आपोआप करत नाही ना?' उबुंटूच्या सुरक्षासूचना या प्रश्नावर पडल्या, कारण ती पॅकेजं आपोआप अद्ययावत होतात आणि रोजच्या ढिगातून माणसानं काही टिपणं शक्य नव्हतं. लायब्ररींच्या बारीक आवृत्त्याही गेल्या, ते काम डिपेंडाबॉट हा गिटहबवरचा बॉट करतो. यंत्र जे करू शकतं ते माणसाला वाचायला लावणं हा छळ आहे, आणि पुण्यातल्या ऑफिसांत तो मला फार दिसतो. उरली ती मोजकी फीड, ज्यांत यंत्राला न कळणारी गोष्ट येते, म्हणजे निर्णय, मुदत, अट, माघार.

वैयक्तिक लेखन, चर्चा, व्हिडिओ हे सगळं ज्याच्या त्याच्या खात्यात गेलं. ते वाचावं असं मला मनापासून वाटतं, पण ते न वाचल्याचा जाब कुणाला विचारू नये. दोन्ही एकत्र ठेवलं की माणूस रंजक ते वाचतो आणि रूक्ष ते 'नंतर'साठी ठेवतो. त्यात त्याचा दोष नाही.

आणि लीडनं पाळी लावली. दर आठवड्याला एक जण सामायिक खातं रोज सकाळी पाहतो. पाहून झालं की शेअर्ड शीटमध्ये नोंद करायची. शीटचं नाव 'आवक'. लीडचे वडील जिल्हा परिषदेत होते, त्यांच्या आवक-जावकच्या वहीवरून घेतलेलं. रकाने साधे: सूचना, आपल्याला लागू आहे का, मुदत, कुणाकडे. 'लागू नाही' हेसुद्धा लिहायचं, आणि का नाही तेही एका ओळीत. यावर कुरकुर झाली. लागू नसलेलं लिहून काय मिळणार? पण दोन महिन्यांपूर्वी 'लागू नाही' म्हणून सोडलेली सूचना आज लागू झाली तर ती शोधायला हीच ओळ कामी येते. कुरकुर करणाऱ्याला ते पटलं असं म्हणणार नाही, पण तो लिहितो.

नोव्हेंबर

त्या वर्षीच्या दिवाळीत ऑफिस बंद, म्हणून डेस्कटॉपही बंद. परतल्यावर वाचक सुरू केला तर वरवर सगळं ठीक दिसलं. पण फीडच्या फाइलीत शेवटच्या काहीच नोंदी असतात. वर्डप्रेस ठरवून दिल्याशिवाय दहाच देतं, यूट्यूब पंधरा. मधल्या दिवसांत त्याहून जास्त नोंदी आल्या असतील तर जुन्या घसरून जातात आणि वाचकाला त्या कधीच दिसत नाहीत. एका धावत्या फीडच्या बाबतीत तसं झालं. तेव्हा मिनीफ्लक्स क्लाउडवरच्या एका छोट्या व्हर्च्युअल मशिनवर हलवलं, आणि वेळेवर हलवलं.

१४ नोव्हेंबर २०२४ ला पोस्टग्रेसच्या तिमाही मायनर (फक्त दुरुस्त्यांच्या) आवृत्त्या आल्या. १७.१, १६.५ पासून खाली १२.२१ पर्यंत. टीमचा डेटाबेस १४ वर. त्या आठवड्याच्या पाळीवाल्यानं 'आवक'मध्ये लिहिलं: १४.१४, सुरक्षादुरुस्त्या आहेत, लागू. मुहूर्तही सोयीचा सापडला. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, चाकणच्या लाइनी बंद, आकड्यांची आवक मंद. त्या रात्री अपग्रेड करायचं ठरलं.

पण त्याच फीडमध्ये लगेच मागोमाग दुसरी नोंद आली, की २१ नोव्हेंबरला वेळापत्रकाबाहेरची आवृत्ती काढणार. कारण असं, की नव्या मायनर आवृत्त्यांत एका अंतर्गत स्ट्रक्चरला (मेमरीतल्या माहितीच्या साच्याला) एक फील्ड, म्हणजे रकाना, वाढलं होतं. आधीच्या मायनर आवृत्तीवर कंपाइल झालेली एक्स्टेन्शन जुन्या आकाराची मेमरी घेणार आणि नवा सर्व्हर तिच्या हद्दीबाहेर हात घालणार. याचा फटका ज्यांना बसू शकतो त्यांत टाइमस्केलडीबी हे ठळक नाव. पोस्टग्रेसच्या मायनर आवृत्त्या डोळे झाकून लावाव्यात असा लौकिक आहे, आणि एरवी मीही तेच सांगतो. म्हणूनच ही नोंद कुणी मुद्दाम शोधायला गेलं नसतं.

पाळीवाल्यानं शीटमधली आपलीच ओळ बदलली: 'थांबा. २१ नंतर.' मतदानाच्या रात्री अपग्रेड झालं नाही. २१ ला १४.१५ आली, दुरुस्तीसह, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती बसवली. १४.१४ लावलं असतं तर डेटाबेस कोसळलाच असता का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. ते त्यांच्या एक्स्टेन्शनच्या बिल्डवर अवलंबून होतं, आणि ते तपासायची पाळी आली नाही.

लीडला विचारलं, यश कशाचं मानतेस? ती म्हणाली, "फीडचं अर्धं. पहिली ओळ ज्यानं लिहिली त्यालाच दुसरी वाचायची होती, म्हणून ती वाचली गेली."

जे फीडवर येत नाही

कारखान्यात सेन्सर आणि सर्व्हर यांच्यामध्ये जो गेटवे बसतो त्याचा विक्रेता फर्मवेअरच्या (यंत्रातच भरलेल्या सॉफ्टवेअरच्या) सूचना एका पानावर पीडीएफच्या यादीत ठेवतो. फीड नाही, मेल नाही, तारीखही फाइलच्या नावातच. अशा पानातून फीड घडवण्याची सोय फ्रेशआरएसएस या दुसऱ्या वाचकात आहे. पानाचा कुठला भाग शीर्षक, कुठला दुवा, हे एक्सपाथ या पानातली जागा दाखवणाऱ्या भाषेनं सांगायचं. टीमनं ती वापरून पाहिली. विक्रेत्यानं साइटचं रूप बदललं आणि ते फीड मुकं झालं. शेवटी जुनाच मार्ग पत्करला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाळीवाल्याच्या कॅलेंडरवर 'गेटवेचं पान उघडून बघ' अशी नोंद. आणि उघडून बघितल्याचीही ओळ 'आवक'मध्ये.

नव्या गेटवेच्या खरेदीसाठी त्यांनी विक्रेत्यांना जी प्रश्नावली पाठवली तीत एक प्रश्न वाढवलाय, फर्मवेअरच्या सूचना फीडवर देता का? एकानं हो म्हणून पत्ता दिला, तो तपासला, चालतो. दुसऱ्यानं मेल पाठवू म्हटलं. तिसऱ्याच्या सेल्सवाल्यानं फोन करून 'सर, फीड म्हणजे नक्की काय हवंय?' असं विचारलं. त्याला समजावून सांगायचं काम सध्या ज्याची पाळी आहे त्याच्या नावावर चढलंय, मुदतीच्या रकान्यात शुक्रवार.